टाकीवरून दिसलेलं हिरवं

प्रिय डलसी,

दवाखान्याची गाडी उद्या तुमच्या शहरात, एलिसला, निघतेय, तिच्याबरोबर हे पत्र पाठवतोय. जोसलीन तुला वाचून दाखवेलच. जोसलीन, पोरी, लिहिलंय तेवढंच वाच, पदरचं तिखटमीठ लावू नकोस. आणि शेवटचं पान आलं की ते मावशीच्या हातात दे आणि तू बाहेर जाऊन बस. ते पान मी मोठ्या अक्षरात काढणार आहे. तिचा चष्मा तेवढा शोधून ठेव, तो नेहमी उशीखाली असतो.

फोनवर का नाही बोललो, असं तू विचारशील. ऑफिसातला फोन तुला माहीत आहे. मी फोन उचलला रे उचलला की तुझ्या बहिणीला, मर्टलला, नेमकं तेव्हाच तिथल्या पंख्याचं वारं खायचं असतं. पण खरं सांगू का, मर्टलचं निमित्त आहे. आपण दोघं फोनवर आलो की कुत्री, पाऊस, कोणाची गाडी कुठे वाळूत रुतली, एवढंच बोलतो. मग तू "हं" म्हणतेस, मी "हं" म्हणतो आणि दोघं नुसता तारेचा आवाज ऐकत बसतो. मला तो आवाजही गोड लागतो, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला तू असतेस. पण त्यानं काम होत नाही.

आधी चांगली बातमी. दवाखान्यामागची खोली तयार झाली. तुझ्यासाठी, आणि तुझ्यामागून इथे ज्यांची ज्यांची मूत्रपिंडं कुरकुरायला लागलीत त्यांच्यासाठी. रक्त धुण्याचं यंत्र ठेवायला पक्की फरशी केली, निळी आरामखुर्ची आली, खुर्चीसमोर खिडकी पाडली. खिडकी कुठल्या अंगाला पाडायची यावर बायकांनी एवढं भांडण घातलं की सुतार कंटाळून गाडीत जाऊन झोपला. शेवटी डोंगराच्या अंगाला पाडली. तू सुया लावून बसशील तेव्हा समोर तुला भिंत दिसणार नाही, आपला डोंगर दिसेल. संध्याकाळी तो तांबडा होतो तेव्हा मी त्या खुर्चीत एकदा बसून पाहिलं. नर्सनं हाकललं. पण तेवढ्यात बघून घेतलं. चांगला दिसतो.

यंत्र मात्र अजून आलेलं नाही. देणारे म्हणतात, आधी पाणी दाखवा. आपल्या बोअरचं पाणी खारट, ते गाळून गाळून यंत्राला द्यावं लागतं. एक बादली चांगलं निघतं तेव्हा दुसरी बादली मीठ घेऊन बाहेर पडते. ते यंत्र म्हणजे एक उंटांचा कळपच समज, पाण्याला तोंड लावलं की वर काढत नाही. गरम वारे सुरू व्हायच्या आत टाकी तांबड्या रेघेच्या वर टिकली तर यंत्र येणार, आणि यंत्राबरोबर तू. नाही टिकली तर पुढच्या उन्हाळ्यानंतर बघू म्हणाले. गेल्या वेळी तुझ्या आवाजात जो थकवा होता, तो ऐकल्यापासून "पुढचा उन्हाळा" हे शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

मोजमाप करायला टेस आलीय, पाण्याची इंजिनियर. पोरगी चांगली आहे. उन्हात टोपी विसरते, पण माणसाचं ऐकून घेते. पंपातलं तिला माझ्याइतकंच कळतं, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं पंप मी सांभाळतोय, थोडा मान राखायला नको का?

तिनं सगळ्यांना मोठ्या झाडाखाली बसवलं आणि सांगितलं की यंत्राला लागेल तेवढं पाणी आपण वाचवून दाखवायचं आहे. मर्टल उठून उभी राहिली. म्हणाली, "डलसी घरी येणार असेल तर मी उन्हाळाभर अंघोळ करणार नाही." मागून कोणीतरी ओरडलं, "मग त्यात नवीन काय?" सगळं झाड हसलं. मर्टलनं चप्पल भिरकावली, ती टेसच्या पायाशी पडली, टेसनं ती पुसून परत दिली. मग म्हातारा सिलास उठला. सिलास बोलायला उठला की कुत्रीसुद्धा खाजवायची थांबतात. म्हणाला, "आमच्या आया डोक्यावर लाकडी पाटीतनं पाणी आणायच्या. सांडू नये म्हणून वर गवत पसरलेलं असायचं. घोट मागितला की घोटच मिळायचा, आणि रडलास तर तोही नाही. डलसी त्याच पाटीतलं पाणी पिऊन वाढलेली पोर आहे. तिला घरी आणायचं तर माझा कूलर गेला खड्ड्यात." घरी जाऊन त्यानं खरंच कूलर बंद केला आणि ओलं पोतं अंगावर घेऊन झोपला. मी अजून त्याच्याच पडवीत झोपतो, म्हणून मला ठाऊक. रात्रभर शिव्या देत होता.

आम्ही वाळवंटातली माणसं, पाणी राखणं आमच्या रक्तात, असं आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. नळ आले तसे आपणही लाडावलो, डलसी. पण आता बघशील तर ओळखणार नाहीस. गळक्या नळांचे वायसर बदलले. क्वेंटिननं गाडी धुवायला काढली तर शाळेतली पोरं त्याच्याभोवती फेर धरून ओरडली, "डलसीआजीचं पाणी! डलसीआजीचं पाणी!" एवढा दांडगा माणूस, मान खाली घालून बादली आत घेऊन गेला. आता त्याच्या गाडीचा रंग कोणता होता ते कोणाला आठवत नाही. भांडी विसळलेलं पाणी झाडाला, आणि झाड नसेल तर कुत्र्याला.

हे सगळं बघताना मला तुझीच आठवण येते. जोसलीन म्हणत होती, तिकडे नळाला धो धो पाणी आहे आणि डॉक्टरांनी तुला दिवसाला मोजके पेले ठरवून दिलेत. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसतेस म्हणे. लहानपणी पाणी नव्हतं म्हणून घोट मोजला, आता आहे तर शरीराला झेपत नाही म्हणून मोजायचा. हे ऐकून मी पंपघरात जाऊन बसलो आणि पंप चालू केला, माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

गेल्या आठवड्यात डोंगरामागच्या तुझ्या खडकातल्या पाण्यावर जाऊन आलो. दरवर्षी तू पोरांना घेऊन जायचीस, गाळ काढायला. या खेपेला मर्टल, मी, शाळेतली पोरं आणि टेस. झाकणाचा सपाट दगड उंटांनी पायानं सरकवलेला आणि एक पोरगेला उंट आत पडून मेलेला. वासानं डोकं फिरलं. दोरीनं ओढून काढला, सगळं पाणी उपसलं, गाळ काढला, खडक वाळूनं घासून घासून पांढरा केला. आता पाऊस येईल तेव्हा येईल, भांडं स्वच्छ आहे. वर पुन्हा दगड ठेवला, फांद्या रचल्या, तुझ्यासारख्या जमल्या नाहीत. जवळ जाण्याआधी मर्टलनं हाक घातली, नेहमीसारखी, आपण कोण ते पाण्याला सांगितलं. टेसचं नाव सांगितलं, "ही नवी आहे, हिला त्रास देऊ नकोस" म्हणाली. आणि मग ती मागे सरली. रिवाजाप्रमाणे पुढे तुझं नाव यायला हवं ना, मोठीचं. मग मीच पुढे झालो. म्हटलं, "डलसी लांब आहे. शहरातलं पाणी पिते, तिला ते आवडत नाही. तिला विसरू नकोस." पोरं माझ्याकडे बघत राहिली. बघू देत.

परतताना संध्याकाळ झाली. लाल चोचीच्या त्या बारक्या चिमण्यांचा थवा डोक्यावरून वस्तीकडे गेला. मर्टल पोरांना म्हणाली, "संध्याकाळी या जिकडे जातात तिकडे पाणी असतं, ध्यानात ठेवा." तुझ्याच बापाची शिकवण. मी मनात म्हटलं, वस्तीत यांना कोण पाणी पाजतंय? एवढंच म्हटलं आणि विसरलो.

कारण तेव्हा माझं डोकं टाकीत अडकलं होतं. एवढं करूनही टाकी टिकत नव्हती. पंप बंद केला की पाणी तांबड्या रेघेखाली उतरायचं. टेस आणि मी पाइपाच्या कडेकडेनं, मी नेलं तिकडून, चालून आलो, कान लावून ऐकलं, शाळा पाहिली, दुकान पाहिलं, चर्चमागचा नळही पाहिला. लोक एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. मर्टल म्हणाली, "क्वेंटिन चोरून गाडी धुतोय." क्वेंटिन म्हणाला, "मर्टल चोरून अंघोळ करतेय." 

मग शनिवारी फुटबॉलची मॅच आली, शेजारच्या वस्तीत. झाडून सगळे गेले, म्हाताऱ्यांपासून कुत्र्यांपर्यंत. आपला संघ जिंकला म्हणे. कप्तानाला अजून सगळे नावाऐवजी कुनमनाराच म्हणतात. बिचाऱ्यानं स्वतःच्या नावानं हाक ऐकून जमाना झाला. मी गेलो नाही. मी त्या रस्त्यानं मॅचला जात नाही, तुला माहीत आहे. मी आणि टेस दोघंच राहिलो आणि टाकीचा काटा बघत बसलो. वस्तीत चिटपाखरू नाही, एक नळ चालू नाही, आणि काटा हळूहळू खाली. टेस म्हणाली, "हेक्टर, सगळे तिकडे आहेत. मग इथे पाणी पितंय कोण?"

काटा खोटं बोलत असेल म्हणून मी टाकीवर चढलो, आत डोकावून बघायला. तू असतीस तर खालून ओरडली असतीस की या वयात माकडचेष्टा पुरेत. पाणी काट्यानं सांगितलं तेवढंच होतं. झाकण लावलं, पाठ सरळ केली आणि मान वळली. टाकीवरून सगळी वस्ती दिसते, डलसी. खालून चालताना माणूस आपल्याला हवा तो रस्ता धरू शकतो, वरून तसं करता येत नाही. सगळीकडे तांबडी माती, गंजके पत्रे, वाळलेलं गवत, आणि मधोमध एका कुंपणात हिरवा चौकोन. एवढा हिरवा की मला वाटलं उन्हानं डोळ्यांना भास झाला. त्यावर चिमण्या उतरत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी अक्षरशः घालत होतो, रोज.

खाली उतरलो. टेसनं पाणी दिलं, बसवलं. ते कुंपण कोणाचं, ते पुढच्या पानावर. जोसलीन, आता पान मावशीला दे. जा.

डलसी, चष्मा लावलास?

ते आपलं अंगण आहे.

ज्या दिवशी मॅचच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि आपला लेक गेला, त्या दिवशी आपण अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडलं, माणूस गेलं की सोडायचं असतं तसं. तू अंगणातल्या त्याच्या पावलांच्या खुणा फांदीनं पुसल्यास, फाटक बांधलंस आणि म्हणालीस, मी सांगेपर्यंत इथे कोणी पाय ठेवायचा नाही. कोणी ठेवला नाही. सगळी वस्ती लांबून वळसा घेऊन जाते, आणि सगळ्यांत लांबचा वळसा माझा. नजर तिकडे जाऊ नये म्हणून मी दुकानाला जायचं असलं तरी पंपघरामागून जातो. म्हणून कोणी पाहिलं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, गेलेल्याचं घ्यायचं नसतं. कप्तानाचंही नाव तेच, म्हणून त्याचंही आपण घेत नाही.

त्याचं संत्र्याचं झाड आठवतं? एलिसहून मांडीवर घेऊन आला होता. सिलास म्हणाला होता, इथे संत्री लागायच्या आधी कांगारूला शिंगं फुटतील. त्या सकाळी मॅचला निघताना त्यानं रबरी नळी झाडाच्या मुळाशी ठेवली आणि नळ जरासा सोडला. तू पडवीतून ओरडलीस, "विसरशील बघ, पाणी वाया जाईल." तो म्हणाला, "संध्याकाळी आलो की बंद करतो, आई." तो विसरला नाही, डलसी. तो फक्त आला नाही. आपल्यापैकी कोणाच्याच ते ध्यानात राहिलं नाही, आणि ज्याच्या राहिलं असेल त्याला आत जाता येत नव्हतं. पुढे उन्हानं नळी फाटली असणार, मग पाणी मोकळं सुटलं. त्यानं सोडलेलं पाणी अजून वाहतंय. झाड कुंपणाच्या वर गेलंय आणि फुललंय. तुला आता संत्री बंद केलीत म्हणे डॉक्टरांनी. वास घ्यायला बंदी नसेल.

बाहेरून पाणी तोडता येत नाही. तोच पाइप आपल्या अंगणातून पुढे दवाखान्याला जातो, यंत्राच्या खोलीला जातो. टेस म्हणाली, "मी बाहेरची आहे. दोन मिनिटांत जाऊन बंद करून येते, कोणाला कळणारही नाही." वाईट मनानं म्हणाली नाही. मी नको म्हटलं. आईचा शब्द मोडून उघडलेल्या घरातून जे पाणी वाचेल, ते तुझ्या अंगात जाऊ द्यायचं नाही मला. टेस म्हणाली, "मग तिला विचारा. मी थांबते."

म्हणून हे पत्र. तुझा शब्द मागायला. नर्सनं तिकडे विचारून ठेवलंय, दोन वेळा रक्त धुण्याच्या मधल्या दिवसांत तू विमानानं येऊन परत जाऊ शकतेस. तू फाटकाशी उभी राहा. सिलास घर मोकळं करायला ओल्या पानांचा धूर करील, आधी घरात फिरवील, मग आपल्या सगळ्यांवर. मर्टल आणि बायका रडतील, तूही रड, मीही रडेन, मी अजून नीट रडलेलो नाही. मग तू आत जा आणि नळ बंद कर. तो शेवटचा त्याच्या हातानं फिरवलेला आहे, त्याच्यानंतर त्याला कोणाचा हात लागलेला नाही. म्हणून मला वाटतं आता लागेल तो हात तुझा असावा. झाड मी मरू देणार नाही. माझ्या वाटच्या पाण्यातलं ओतीन.

आणि तुझं मन होत नसेल तर तेही मी समजेन. मग टेसला सांगेन की पाणी पुरत नाही, आणि माझं गाठोडं घेऊन एलिसला येईन, तुझ्या खोलीच्या दारात बसून राहीन. मला ते शहर सोसत नाही, पण तुझ्याशिवाय इथलं आभाळही सोसत नाही आता. तरी एकदा तोंड उघडून सांगतो: तू मला इथे हवी आहेस. त्या निळ्या खुर्चीत, त्या खिडकीपाशी, मर्टलला शिव्या घालताना.

फोनवर काही बोलू नकोस. मी रविवारी करीन. मी कुत्र्यांचं, पावसाचं विचारीन, आणि येणार असशील तर तू नुसतं "हं" म्हण. मला कळेल. इतक्या दिवसांच्या उन्हापाण्यानं तो नळ घट्ट बसला असेल, डलसी, तुझ्या एकटीच्या हातानं फिरायचा नाही. वरून मी माझाही हात ठेवीन.

तुझाच, रविवारची वाट बघणारा,
हेक्टर